उद्याच्या जगात भांडी कोण घासणार?



मी विज्ञानकथांची वेडी वाचक आहे. चळवळीतल्या काही जणी मला विचारतात, "पाणी, रेशन, मारहाण हे प्रश्न दारात उभे असताना तू परग्रहांच्या गोष्टी काय वाचत बसतेस?" प्रश्न रास्त आहे. अलीकडे वाचलेल्या तीन पुस्तकांच्या आधारे त्याचं उत्तर देते.

विज्ञानकथा हातात घेतली की मी आधी एकच गोष्ट शोधते: या जगात भांडी कोण घासतं आणि मूल कोण सांभाळतं? पुष्कळ कथांमध्ये यान ताऱ्यांपलीकडे पोचतं, पण चहा बाईच आणून देते. यंत्रं बदलतात, बाईचं काम तेच राहतं. लेखकाची कल्पना कुठे थकली ते तिथे कळतं.

पहिलं पुस्तक आहे बेगम रुकैया सखावत हुसेन यांचं 'सुलतानाज् ड्रीम'. या बाई कधी शाळेत गेल्या नव्हत्या, भावाकडून घरातच इंग्रजी शिकल्या. त्यांची ही कथा १९०५ साली मद्रासच्या एका मासिकात छापून आली. तिच्यातल्या देशात पुरुष पडद्यात आहेत. स्वयंपाक आणि मुलं तेच बघतात. बायकांच्या विद्यापीठांनी उन्हाची उष्णता साठवली आहे, त्यामुळे स्वयंपाकघरात धूर नाही. चूल फुंकून डोळे गेलेल्या बायका पाहिल्या असतील, तर या एका तपशिलाचं मोल कळेल. पुरुषांना कोंडून ठेवणं हे आपलं स्वप्न नाही. पण ते वाचताना जे विचित्र वाटतं, तेच बायकांच्या बाबतीत आपल्याला शतकानुशतकं साधं वाटत आलं, हे ध्यानात येतं.

दुसरं, अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन यांची १९६९ची कादंबरी 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस'. तिच्यातल्या ग्रहावर कुणी कायमचं बाई किंवा पुरुष नसतं. महिन्यातले काही दिवस शरीर यातलं एक रूप घेतं, आणि त्या दिवसांत कामाची सक्ती नसते. मूल कुणालाही होऊ शकतं, म्हणून बाळंतपण एकाच जातीच्या माथी मारलेलं नाही. तिथला राजासुद्धा गरोदर राहतो. लेखिकेने सगळ्यांना 'तो' म्हटलं, त्यावर स्त्रीवाद्यांनी टीका केली आणि पुढे त्यांनी स्वतःच त्याचा फेरविचार केला. मराठीत तर पंचाईत आणखी मोठी. आपल्याकडे क्रियापदही लिंग सांगतं. 'राजा गरोदर होता' असं मोठ्याने म्हणून बघा, जीभ अडखळते. भेद आपल्या व्याकरणापर्यंत कसा मुरला आहे, हे मला या पुस्तकामुळे नव्याने जाणवलं.

तिसरं, कॅनडाच्या मार्गारेट अ‍ॅटवूड यांचं १९८५चं 'द हँडमेड्स टेल'. हे वाचताना मला मधे पुस्तक मिटावं लागलं. अमेरिकेत हुकूमशाही येते. एका दिवसात बायकांची बँकखाती गोठवली जातात, नोकऱ्या जातात, वाचायला बंदी होते. नायिकेचं नाव 'ऑफ्रेड', म्हणजे फ्रेडची. इतिहासात कुठेच घडलं नाही असं काही आपण यात घातलेलं नाही, असं लेखिका सांगतात. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर नवरीचं नवं नाव लिहितात. तेव्हा जुन्या नावाचं काय होतं, कुणी विचारतं का? आणि मिळालेला हक्क कायमचा असतो असंही नाही. अमेरिकेत गर्भपाताला १९७३ साली मिळालेलं घटनात्मक संरक्षण २०२२ साली काढून घेतलं गेलं.

पाळणाघर, समान वेतन, स्वतःच्या नावावर घर या मागण्यासुद्धा आधी कुणाच्या तरी कल्पनेतच होत्या. अत्याचार थांबवा, हे आपण ठामपणे सांगतो. पण त्यानंतर रोजचा दिवस कसा असावा, हे विचारलं की आपण गप्प होतो. म्हणून सुचवते: पुढच्या बैठकीत प्रत्येकीने वीस वर्षांनंतरचा आपला एक दिवस सांगावा, उठल्यापासून झोपेपर्यंत. सकाळचा पहिला चहा कोण करतं, इथून सुरुवात करा. ज्या सांगतील, त्यांचं लिहून घ्या. आपलं पुढचं मागणीपत्रक त्यातूनच तयार होईल.