न पाहिलेलं सुंबुल

फारसी-उर्दू शायरीत प्रेयसीच्या कुरळ्या केसांना सुंबुलाची उपमा देतात. पंचविशीत मीही ती माझ्या मराठी गझलेत बेधडक वापरली. मुशायरा संपल्यावर एक वृद्ध चाचा म्हणाले, "बेटा, सुंबुल पाहिलंस कधी?" मी गप्प.

कोश उघडला, तर अर्थ जटामांसी! ती हकिमांची सुंबुल-उत-तीब, औषधी मुळी. शायरांचं सुंबुल म्हणजे हायसिंथ. हे इंग्रजी नाव ऐकून आपल्याला नदीतली जलपर्णी आठवते, पण दोघींचं नातं काही नाही. सुंबुल मूळचं तुर्कस्तान, सीरिया, लेबनॉनकडचं. इराणात नवरोजला ते घरोघरी मांडतात. त्याच्या कांद्याला १०-१२ आठवडे कडक थंडी मिळाली, तरच वसंतात तुरा नीट येतो. आपल्या उन्हात ते कुठून दिसणार?

पुढे एका एप्रिलमध्ये श्रीनगरच्या ट्यूलिप बागेत ते भेटलं. वीतभर तुरा, पाकळ्यांची टोकं मागे वळलेली, थेट बटांसारखी. शायर खरं बोलत होते. उसनवारी माझी होती.

घरी येऊन तो शेर बदलला. सुंबुलाच्या जागी निशिगंध घातला. तोही कंदाचाच, आणि मूळचा मेक्सिकोचा. पण आमच्या घरातल्या वेणीत रोज पाहिलेला. फक्त शेरातले केस आता कुरळे राहिले नाहीत.