अंधार पुसू नका

जळगाव-धुळे जिल्ह्यांतले आपण छायाचित्रकार इथे बोदवडला मेळाव्यासाठी जमलो आहोत. अध्यक्षाने व्यवसायाचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. लग्नसराई बरी गेली, आल्बमचे दर पडले, ड्रोनवाल्यांशी आपले अजून पटत नाही आणि पासपोर्ट फोटोचे गिऱ्हाईक मोबाइलने पळवले. आढावा संपला. बरीच वर्षे जे बोलायचे होते ते आता बोलतो. अजिंठ्याचे, चांगदेवच्या देवळाचे, पाटणादेवीचे जे फोटो आपण वेबसाइटवर आणि मोबाइलवर टाकतो, त्यांत काळोख औषधालाही उरलेला नाही. तो आपण पुसला आहे, आणि तसा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नव्हता.

अडचण खरी आहे, हे आधीच मान्य करतो. मे महिन्याच्या दुपारी अजिंठ्याला वाघूर नदीच्या वळणावर उजेड लाखभर लक्सच्या घरात असतो. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात, पार मागे बोधिसत्त्व पद्मपाणीच्या चित्रापुढे, रंग टिकावेत म्हणून दिवे मंद ठेवलेले असतात आणि फ्लॅशला बंदी आहे. तिथे दहा लक्स धरून चाला. फरक दहा हजार पटींचा झाला. दर दुपटीला एक स्टॉप, म्हणजे तेरा स्टॉप तर इथेच झाले. त्यात भिंतीवरचा काजळीचा काळा आणि पांढरा रंग यांतला चार-पाच स्टॉपचा फरक मिळवा. चांगल्या कॅमेऱ्याचा सेन्सरही बारा-चौदा स्टॉपपुढे दमतो. म्हणून आपण ट्रायपॉड लावून कमी-जास्त एक्स्पोजरचे पाच-सात फोटो घेतो आणि ते एकत्र करतो. पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी 1997 मध्ये या जोडणीची रीत गणिताने मांडली, आणि ओपनईएक्सआरसारख्या फाइलमध्ये तो सगळा पल्ला आज बिनतक्रार मावतो. इथपर्यंत कोणी काही बिघडवलेले नाही. बिघाड होतो तो त्यापुढे, ती फाइल वेबसाठी जेपेग करताना.

जेपेग हे 1992 चे मानक. वेबवर चालणाऱ्या त्याच्या रूपात प्रत्येक रंगाला 256 पायऱ्या, त्याहून एकही जास्त नाही. सतरा-अठरा स्टॉपचा पल्ला इतक्यात बसवायचा म्हणजे शेताची वाटणी करणेच आले. एका भावाला वाढवून दिले की दुसऱ्याचे तितके घटते, कारण शेत काही वाढत नाही. शॅडोचा स्लायडर उजवीकडे ओढला की अंधाऱ्या भागाला पायऱ्या मिळतात, पण त्या कुठून तरी काढूनच द्याव्या लागतात. पद्मपाणीच्या चेहऱ्याचेच पाहा. अजिंठ्याच्या चित्रकाराने नाकाच्या दांडीवर, ओठावर, हनुवटीवर फिकट रंगाचा हलका हात दिला आहे. मागचा गडद भाग आणि हा उजळ हात, या दोहोंतल्या अंतरावर तो चेहरा भिंतीतून पुढे येतो. पल्ला दाबून बसवण्याची ही रीत, म्हणजे आपले टोन मॅपिंग, नेमके तेच अंतर खाऊन टाकते. मागचा काळोख राखाडी होतो, त्यात दाणे उमटतात, गिलावा पडल्याच्या खुणा चेहऱ्याइतक्याच ठळक होतात आणि मुकुटाभोवती पांढुरके वलय उभे राहते. सॉफ्टवेअरला नाक आणि गिलावा सारखेच. चित्रकाराला ते सारखे नव्हते. त्याने जो पल्ला हाताने आखला तो आपण बटणाने सपाट करतो आणि वर त्याला ‘डिटेल’ म्हणतो.

ही चूक आपण पहिल्यांदाच करतो आहोत असेही नाही. ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट गिलला 1844 मध्ये या चित्रांच्या प्रती काढायला नेमले. त्याने तैलरंगात केलेल्या प्रती लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या होत्या, 1866 च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. गिल 1879 मध्ये वारला, त्याची कबर इथून जवळ भुसावळला आहे. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी 1872 पासून 1885 पर्यंत तिथे खपले. त्यांच्याही अनेक प्रती लंडनच्याच दुसऱ्या एका आगीत गेल्या. या प्रतींच्या नादात, रंग उजळ दिसावेत म्हणून भिंतींवर वार्निश चढले. ते पुढे पिवळे पडले, त्याने धूळ-काजळी धरली आणि ते काढता काढता पुढच्या पिढ्या मेटाकुटीला आल्या. उजळ दिसण्याच्या हट्टाने मूळ चित्राला काय भोगावे लागते याचा याहून सज्जड पुरावा मला माहीत नाही. आपण भिंतीला हात लावत नाही, एवढेच आपल्या बाजूने म्हणता येईल. पण ज्याने अजिंठा पाहिलेला नाही त्याच्या डोळ्यांवर वार्निश आपणच चढवतो.

यावर आक्षेप येतात, ते मी टाळणार नाही. पहिला आक्षेप वजनदार आहे: लेण्यात गेलेल्या माणसाला चित्र नीट दिसते, मग फोटोत का दिसू नये? दिसते, पण लगेच नाही. उन्हातून आत आल्यावर डोळा काही मिनिटे घेतो, आणि एकदा सरावला की बाहेरचे दार त्याला पांढरेफटक दिसते. दार आणि मागची भिंत एकाच नजरेत, सारख्याच स्पष्टपणे, तिथे कोणालाही दिसत नाहीत. डोळ्याला न दिसलेले दृश्य डोळ्याच्या नावावर खपवू नये. दुसरा आक्षेप पोटाचा: गिऱ्हाइकाला झगमग लागते. मांडवातल्या फोटोला लावा की झगमग, नवरी-नवरदेवाची हरकत नसेल तर माझी कसली? पण लेण्यांना ती लागतेच असे नाही. छायाचित्रकार बिनॉय बहल यांनी 1990 च्या दशकात अजिंठा मंद उजेडात, लांब एक्स्पोजर देऊन टिपला. त्या चित्रांत अंधार अंधाराच्या जागी आहे, आणि तरी ती पुस्तकरूपाने जगभर गेली. तिसरा आक्षेप तरुण मंडळींचा, आणि तो मला सर्वांत कच्चा वाटतो: नवे फॉरमॅट आले, आता वाटणीचा प्रश्नच मिटला. 2023 मध्ये अँड्रॉइड 14 सोबत अल्ट्रा एचडीआर आले. त्यात साध्या जेपेगच्या पोटात एक जास्तीचा नकाशा असतो, आणि ज्याचा पडदा तेजस्वी आहे तो त्या नकाशावरून उजळ भाग आणखी उजळवतो. एव्हिफमध्ये दहा आणि बारा बिट मिळतात. ही सोय उत्तम आहे, जरूर वापरा. पण जुना पडदा आतले साधे जेपेगच दाखवणार, आणि व्हॉट्सअ‍ॅपने फोटो दाबून लहान केला की तो नकाशा वाटेतच गळू शकतो. ते साधे जेपेग कसे असावे हे अखेर कोणीतरी ठरवायचेच आहे. ते लेण्यात उभ्या राहिलेल्या माणसाने ठरवावे, की कारखान्यातून येतानाच बटणात भरलेल्या सूत्राने, एवढाच वाद आहे.

म्हणून माझे म्हणणे असे, की वेबसाठीचा फोटो ही एक प्रत आहे आणि प्रतीत करणाऱ्याचे मत असतेच. मत असायला हरकत नाही, ते लपवायला आहे. फोटोखाली एक ओळ लिहा: किती एक्स्पोजर जोडले, सावली किती उचलली. रंगाची प्रोफाइल एसआरजीबी करून मगच फाइल बाहेर काढा, नाहीतर दुसऱ्याच्या पडद्यावर गेरू फिका पडतो आणि दोष लेण्याला लागतो. एक समान पद्धत बसवण्यासाठी आपल्या मंडळाने दोन-तीन जणांची समिती नेमावी असे मनात आहे. तिचे काम काय, खर्च कोणी करायचा, हे पुढच्या बैठकीत बघू. तोवर एक गोष्ट समितीवाचूनही होते. हार्डडिस्क भरली की आपण जेपेग ठेवतो आणि रॉ फाइल उडवतो. गिलच्या प्रती जळाल्या तेव्हा मूळ भिंत तरी जागेवर होती. आता तिचेही रंग दरवर्षी थोडे थोडे जात आहेत, आणि आज घेतलेले एक्स्पोजर उद्या पुन्हा घेता येणार नाही. तेव्हा निदान लेण्यांच्या आणि देवळांच्या रॉ फाइली, सगळ्या एक्स्पोजरसकट, उडवू नका. दुसरी डिस्क घ्या.