नेमणूकपत्र वाचताना

(कार्यकर्त्यांच्या विभागीय मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आज विषय दिला आहे तो 'बाई आणि नोकरी' हा. या विषयावर आपण इतक्या वेळा बोललो आहोत की आता नवे काय सांगायचे, असा मला प्रश्न पडला होता. म्हणून विषयाची मांडणी वगैरे न करता गेल्या पावसाळ्यात आमच्या सल्ला केंद्रात आलेल्या एका मुलीची हकीकत सांगते. तिची परवानगी घेतली आहे. नाव-गाव मात्र सांगणार नाही.

आमच्या केंद्रात बाई येते ती बहुधा मारहाणीची, पोटगीची, घराबाहेर काढल्याची तक्रार घेऊन. ही मुलगी आली ती हातात दोन नेमणूकपत्रे घेऊन. वय २४. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक, आई घरी शिवणकाम करते. आणि मुलगी हेलिकॉप्टरची वैमानिक! दोन कंपन्यांनी बोलावले होते आणि आठ दिवसांत कळवायचे होते. घरात कोणालाच यातले काही कळत नव्हते. तिच्या आईने पूर्वी आमच्या बचत गटात काम केले होते, तिनेच सांगितले, "ताईंकडे जा, त्यांना कागद कळतात."

खरे सांगते, मला हेलिकॉप्टरमधले ओ की ठो कळत नव्हते. आमच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्त्या लगेच म्हणाल्या, "अगं, लाखाच्या पगाराच्या मुलीचा प्रश्न आपला कसा? आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बायका रांगेत बसल्यात." त्यांचे चूक होते असे मी म्हणणार नाही. मलाही तसेच वाटले होते. पण मुलीने हिशेबाची वही काढली आणि माझे मत बदलले.

हेलिकॉप्टरच्या व्यावसायिक परवान्यासाठी किमान १५० तासांचे उड्डाण लागते. तेवढे तास भरायला तिच्या घरच्यांनी ३८ लाखांचे कर्ज काढले होते. राहते घर आणि दीड एकर रान गहाण. १५ वर्षे दरमहा ४२ हजारांचा हप्ता. तिचे वडील मला म्हणाले, "पोरगी उडाली ताई, पण आमचे पाय बँकेत अडकलेत." आणि परवाना मिळाला म्हणजे नोकरी मिळाली असे नाही. ज्याचे तास कमी, त्याला कोणी घेत नाही, आणि नोकरीशिवाय तास वाढत नाहीत. दीड वर्ष ती घरी बसून होती. नातेवाईक विचारत होते, "लग्नाचे काय?" मग एका महिन्यात दोन पत्रे आली.

पहिली कंपनी मुंबईच्या जुहू विमानतळावरून समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसांची ने-आण करणारी. मुंबई हाय हे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत आहे. तिथे उडताना दोन इंजिनांचे हेलिकॉप्टर आणि दोन वैमानिक असतात, म्हणून नवी मुलगी सहवैमानिक म्हणून शिकू शकते. पगार ७५ हजार, सगळा ठरावीक. प्रत्येक जातीच्या हेलिकॉप्टरसाठी वेगळे प्रशिक्षण घेऊन परवान्यावर नोंद करून घ्यावी लागते, त्याला टाइप रेटिंग म्हणतात. तो खर्च कंपनीचा. पण तीन वर्षांचा बाँड. मध्येच सोडले तर १५ लाख भरायचे.

दुसरी कंपनी पुण्याची, लहान. पुढारी, उद्योगपती यांना भाड्याने हेलिकॉप्टर पुरवणारी. पगार १ लाख १० हजार, बाँड नाही, घरापासून तीन तासांवर. टाइप रेटिंगचे १२ लाख मात्र स्वतःचे स्वतः भरायचे.

मी काय सांगितले असेल? मी म्हणाले, "दुसरी घे. पगार जास्त, बाँड नाही, आईवडील जवळ." म्हणजे बघा, कागद कळणाऱ्या ताईंनी कागद न वाचताच सल्ला दिला. ती गप्प बसली. मग म्हणाली, "ताई, दुसऱ्या पत्राची मागची बाजू बघता का?"

मागच्या बाजूला लिहिले होते की १ लाख १० हजारांपैकी ५० हजार ठरावीक आणि बाकीचे उड्डाणाच्या तासांवर. म्हणजे ज्या महिन्यात उड्डाण नाही, त्या महिन्यात हप्ता भरून हातात ८ हजार राहणार. पावसाळ्यात तर उड्डाणे कमीच. तिने तिथल्या दोन वैमानिकांना विचारले होते, वर्षाला १२० तास मिळाले तर पुष्कळ. जुहूला साधारण ४०० मिळतील असे तिला सांगण्यात आले होते. वरच्या दर्जाचा परवाना मिळायला किमान १,००० तास हवेत. तिच्याकडे १७० होते. उरलेले तास भरायला जुहूला दोन वर्षे आणि थोडे वर लागणार, पुण्याला सात वर्षे. मला जो मोठा पगार दिसत होता, त्यासाठी ती पाच वर्षे मागे पडणार होती.

तासांवर पगार म्हटल्यावर मला आपल्या विडी कामगार बायका आठवल्या. हजारावर मजुरी असली की ताप असतानाही हात थांबत नाहीत. हेलिकॉप्टरचेही तसेच. हवा खराब असेल तर 'नाही' म्हणायचा अधिकार वैमानिकाला आहे, पण 'नाही' म्हटल्यावर पगार बुडणार असेल तर तो अधिकार वापरणे जड जाते. ती पुढे सहवैमानिक असणार, अंतिम निर्णय मुख्य वैमानिकाचा. म्हणून तिने दोन्हीकडे एकच प्रश्न विचारायचे ठरवले: "सहवैमानिक उड्डाण नको म्हणाली तर तुमच्याकडे काय होते?" समुद्रावरची नोकरी सुरक्षित आणि दुसरी धोक्याची, असे सोपे उत्तर नाही. २०२२ च्या जूनमध्ये मुंबईजवळ समुद्रात हेलिकॉप्टर उतरवावे लागले, त्यात ९ पैकी ४ माणसे गेली. केदारनाथजवळ २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आणि २०२५ च्या जूनमध्ये झालेल्या अपघातांत प्रत्येकी ७ जण गेले. धोका सगळीकडे आहे. थांबा म्हणणाऱ्याचे ऐकले जाते का, हे विचारणे आपल्या हातात आहे.

आता बाँडचे बघू. ऊसतोडीच्या पट्ट्यात काम करणाऱ्या मैत्रिणी इथे आहेत. मुकादम उचल देतो आणि ती फिटेपर्यंत कोयता बांधला जातो. बाँड म्हणजे शिकल्या-सवरल्या माणसाची उचलच. दोन्हींची बरोबरी मी करत नाही. ऊस तोडणाऱ्या बाईने खाडा केला तर दंड बसतो, आणि त्या धास्तीने बीडकडे बायकांनी गर्भपिशव्या काढून घेतल्या, हे २०१९ साली साऱ्या राज्यापुढे आले. ते दुःख वेगळे. पण आगाऊ पैशात माणूस अडकवण्याची रीत एकच आहे, म्हणून उलटतपासणीही एकच: किती दिले, किती फिटले, हिशेब कोण ठेवतो?

आमच्या वकील मैत्रिणीने समजावले की प्रशिक्षणावर खरोखर खर्च केला असेल तर बाँड बेकायदा ठरेलच असे नाही. पण १८७२ च्या करार कायद्याचे ७४ वे कलम सांगते की करारात रक्कम लिहिलेली असली तरी न्यायालय वाजवी भरपाईच देते, आणि ती लिहिलेल्या रकमेच्या वर जात नाही. म्हणून आम्ही पत्र लिहिले: खर्चाचा आकडा द्या, आणि काम केलेल्या प्रत्येक महिन्याला १५ लाखांतून ३६ वा हिस्सा कमी करा.

यानंतर एक विषय होता, जो तिने काढला नाही, मीच काढला. मूल. ती हसली, "ताई, लग्नाचाच पत्ता नाही." मी म्हणाले, पत्र वाचताना पत्ता नसलेल्या गोष्टीच आधी वाचायच्या. वैमानिक बाई गरोदर राहिली की वैद्यकीयदृष्ट्या तात्पुरती अपात्र ठरते. आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे, सगळे ठीक असेल तर आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली, फार तर बाराव्या आठवड्याच्या अखेरीपासून सव्विसाव्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत उडण्याची मुभा मिळू शकते. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने आहे. पण तो पगार कसा मोजतात? रजेआधीच्या तीन महिन्यांच्या सरासरीवर. ज्या बाईला त्या तीन महिन्यांत उडायलाच मनाई होती आणि जिचा निम्मा पगार तासांवर आहे, तिची सरासरी काय येणार? कायदा न मोडताही बाईचा पगार असा निम्मा होतो.

जुनी गोष्ट वाटेल, पण एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना पहिल्या गरोदरपणातच नोकरी सोडायला लावणारा नियम होता. नर्गेश मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली तो रद्द केला. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न करू नये, हा नियम मात्र त्याच निकालात टिकला. म्हणजे तेव्हाही अर्धेच मिळाले होते.

मी हे इतक्या जोरात का सांगते आहे? कारण माझे स्वतःचे पोळलेले आहे. एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर काही वर्षांनी माझ्यापुढेही दोन कामे होती. एक ११ महिन्यांच्या कराराचे. दुसरे बायकांच्याच प्रश्नांवर काम करणाऱ्या एका संस्थेत. मी दुसरे घेतले. आपली माणसे, आपला विचार, कागद कशाला? पगाराला 'मानधन' म्हणायचे आणि व्हाउचरवर सही करायची. पाचव्या महिन्यात पोट दिसू लागले तेव्हा मला प्रेमाने सांगण्यात आले की प्रकल्प मार्चला संपतो आहे, तू आता विश्रांती घे. प्रसूतीच्या आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम केलेले असले की रजेचा हक्क लागू होतो. मी ८० च्या कितीतरी पट दिवस केले होते. दाखवायला एक कागद नव्हता. त्या काळात मी इतर बायकांना हक्क समजावून सांगत होते. ही गोष्ट मी आजवर कोणत्याही व्यासपीठावर बोलले नव्हते. लाज वाटत होती. आता वाटते, लाज माझी एकटीची नव्हती.

तर, मुलीने दोन्हीकडे प्रश्न पाठवले. लैंगिक छळाविरुद्धची समिती आहे का, सदस्यांची नावे काय? बायकांसाठी वेगळी राहण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय काय? (सभेच्या दिवशी माळावरच्या हेलिपॅडवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत थांबायचे, तर बाईने जायचे कुठे, हा प्रश्न तिथल्या साहेबांना कधी पडलाच नव्हता.) पुण्याच्या कंपनीत २५ माणसे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे १० किंवा जास्त माणसे असली की समिती हवीच, आणि जिथे तेवढी नसतील तिथल्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. फोनवर उत्तर आले, "मॅडम, आपल्याकडे असे काही होत नाही." हे वाक्य आपण सगळ्यांनी किती ठिकाणी ऐकले आहे!

जुहूच्या कंपनीने बाँड महिन्यागणिक कमी करायचे लेखी मान्य केले. समितीची यादी पाठवली. गरोदरपणात जमिनीवरचे काम पूर्ण पगारात देऊ का, याला उत्तर आले 'नियमांप्रमाणे'. एवढेच. तिने तिथेच जायचे ठरवले. मी म्हणाले, ते एक कलम अजून मागू या. ती म्हणाली, "ताई, मी एकटीने मागितले तर ते दुसरी मुलगी घेणार नाहीत, मुलगाच घेतील. आत जाऊन चौघीजणी झालो की मागू." मला ते पटले आणि पटलेही नाही. पण नोकरी तिची होती, हप्ता तिचा होता. निर्णय तिनेच घ्यायचा होता.

रुजू होण्याआधी तिला पाण्यात पालथ्या होणाऱ्या केबिनमधून बाहेर पडायचे प्रशिक्षण घ्यावे लागले. फोनवर म्हणाली, "पहिल्यांदा नाकातोंडात पाणी गेले. दुसऱ्यांदा आधी पट्ट्याचा खटका कुठे आहे ते हाताने चाचपून ठेवले." आता ती उडते आहे. भारतात वैमानिकांमध्ये बायका सुमारे १५ टक्के, जगाच्या सरासरीपेक्षा पुष्कळ जास्त, असे आपण अभिमानाने सांगतो. सांगावेच. पण त्या टिकाव्यात म्हणून नेमणूकपत्रात काय लिहिले आहे, हेही विचारावे.

जाताना तिने मला एक प्रश्न विचारला होता. "ताई, तुमचे नेमणूकपत्र दाखवता? नमुना म्हणून बघते." माझ्याकडे होते, या वेळी मी मागून घेतले होते. पण त्या रात्री मी केंद्राचे कपाट उघडले. आम्ही सातजणी. तिघींचे पत्रच नाही. त्यात स्वयंपाकाच्या मावशी, ज्या ११ वर्षे आमच्याकडे आहेत. त्या तिघींची पत्रे आम्ही गेल्या महिन्यात दिली, आणि मावशींनी सही करण्याआधी ते पूर्ण वाचून घ्यायला लावले. रजेच्या ओळीवर थांबल्या आणि म्हणाल्या, "हे आधी का नाही दिले?" आमच्यापैकी कोणालाच उत्तर देता आले नाही.

माझी विनंती एवढीच आहे. इथून घरी गेल्यावर आपापल्या संस्थेचे कपाट उघडा. कोणाकोणाची पत्रे नाहीत, याची यादी करा. पुढच्या मेळाव्यात आपण त्या याद्या घेऊन बसू.