भावाला दिलेलं उत्तर

मी नांदुऱ्याहून बोलते आहे.

मागच्या पावसाळ्यात गटाच्या बैठकीत एक बाई सगळ्यांसमोर मला म्हणाली, "तुमचं काय ताई, तुमच्या भावकीलेच कर्ज आधी भेटते." मी भडकले. वही उघडून दाखवायची सोडून तिच्या थकलेल्या हप्त्यांवर घसरले. बैठक तिथंच मोडली. वही उघडायला पाच मिनिटं लागली असती. पण बाया आता माझ्याबद्दल काय म्हणतील, या भीतीनं मी आधी तोंड उघडलं.

घरी आल्यावर सावित्रीबाई फुल्यांचं एक पत्र आठवलं, 10 ऑक्टोबर 1856 चं, जोतिबांना लिहिलेलं. तेव्हा त्या 25 वर्षांच्या होत्या. आजारी पडून सातारा जिल्ह्यातल्या नायगावला, माहेरी आल्या होत्या. भावानं त्यांची खूप सेवा केली. तोच भाऊ एक दिवस म्हणाला, तुम्हां नवराबायकोला वाळीत टाकलं ते योग्यच. महार-मांगांसाठी काम करता, ते सोडा, जातीच्या रूढीनं वागा.

अंगात ताकद नाही, माहेरचं अन्न खातोय, समोर आई. आपण असतो तर एक तर रडलो असतो, नाही तर पिशवी भरली असती.

सावित्रीबाईंनी दोन्ही केलं नाही. त्यांनी भावाला त्याच्याच घरातलं दाखवलं. शेळी, गाय जवळ घेतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, मग माणसाला दूर का लोटतोस? आणि त्याच पत्रात भावानं किती मायेनं सेवा केली, तेही लिहिलं. त्याचं मत खोडलं, भाऊ नाही टाकला.

हे त्यांना जमलं कारण 1848 पासून त्या शाळेचं काम करत होत्या, त्यापायी 1849 मध्ये सासरचं घर सुटलं होतं. आपण काय करतो नि का, हे आठ वर्षांत पक्कं झालं होतं. भावानं हो म्हणावं म्हणून त्या अडून बसल्या नव्हत्या. आता तुम्ही म्हणाल, त्यांचा नवरा पाठीशी होता, आमचं काय? खरं आहे. सासूपुढं असं बोलणं सोपं नाही, मलाही जमत नाही. पण गटात तरी सुरुवात करता येते.

पुढच्या बैठकीत मी वही मोठ्यानं वाचली. वाचताना दिसलं की माझ्या चुलत जावेचा अर्ज आठवडाभर उशिरा येऊनही आधी मंजूर झाला होता. दवाखान्याची निकड होती म्हणून सगळ्यांनीच होकार दिला होता, पण कारण इतिवृत्तात लिहायचं राहिलं. ती चूक माझी. तसं सगळ्यांसमोर सांगितलं. सांगताना कान तापले, पण आवाज चढला नाही. तिच्या हप्त्यांवरून बोलले, त्याचीही माफी मागितली.

ती बाई अजून माझ्याशी मोजकंच बोलते. आता कर्जाच्या प्रत्येक ठरावापुढे कारण लिहिलं का, हे मात्र तीच तपासते.