खेळण्यावर बंदी, बाजाराला मुभा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मुलांमध्ये वेळोवेळी पसरणाऱ्या खेळण्यांच्या टूमांवर शाळांनी बंदी घालावी की नाही, हा प्रश्न वरवर पाहता राजकीय कार्यकर्त्यांच्या विचाराचा वाटत नाही. शेतमालाचे भाव, बेकारी, शिक्षणाचे खाजगीकरण असे विषय समोर असताना चकत्या, पत्ते आणि भिरभिऱ्यांची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. परंतु माणूस ग्राहक म्हणून प्रथम घडवला जातो तो बालपणी, आणि शासनसंस्थेचा पहिला अनुभव त्याला येतो तो शाळेत. बाजार आणि शासन या दोहोंची मुलाशी पहिली गाठ जिथे पडते, ती जागा म्हणजे शाळेचे फाटक. तेथे कोण कोणाला अडवतो आणि कोणाला मोकळे सोडतो, हे पाहणे समाजवादी विचाराच्या माणसाचे कामच आहे.

बंदी मागणाऱ्या शिक्षकांची बाजू आधी नीट समजून घेतली पाहिजे. ती क्षुल्लक नाही. एखादी टूम आली की वर्गातले लक्ष उडते, देवघेवीवरून भांडणे होतात, दप्तरांतून वस्तू नाहीशा होतात. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, ज्याच्याकडे ती वस्तू आहे आणि ज्याच्याकडे नाही, अशी वर्गाची उघड फाळणी होते. गणवेशाने जी विषमता दोन तास का होईना झाकली होती, ती मधल्या सुटीत खिशातून बाहेर येते. मजुराच्या मुलाने घरी हट्ट धरावा आणि आईने त्यासाठी भाजीचे पैसे मोडावेत, हे पाहणाऱ्या शिक्षकाला बंदीचा मोह पडला, तर त्याला मुलांचा वैरी म्हणता येणार नाही. प्रश्न त्याच्या हेतूचा नाही. त्या उपायाने ते दुखणे बरे होते काय, एवढाच प्रश्न आहे.

यासाठी एका खेळाचा इतिहास पाहण्यासारखा आहे. हवाई बेटांत दुधाच्या बाटल्यांना कागदी पुठ्ठ्याची गोल झाकणे असत. मुले ती जमवून खेळत. प्रत्येकाने सारखी झाकणे घालायची, त्यांची चळत रचायची, वरून एक चकती आपटायची आणि जी उलटतील ती आपली. आपल्याकडे काड्यापेट्यांच्या छापांचे किंवा गोट्यांचे डाव ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा खेळ परका वाटणार नाही. बाटल्या गेल्या तसा तो मागे पडला. १९९१ साली ओआहू बेटावरील वाइआलुआ या उसाच्या मळ्यांच्या परिसरातील प्राथमिक शाळेत ब्लॉसम गाल्बिसो या शिक्षिकेने तो पुन्हा सुरू केला. आपल्या लहानपणचा हा खेळ त्यांनी वर्गात आणला तो मुलांना गणित शिकवण्यासाठी आणि मारामारीच्या खेळांना एक पर्याय देण्यासाठी. टाकाऊ वस्तूंतून साधन उभे करण्याची ही दृष्टी महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर हेच केले. महागडी माँटेसरी साधने गरिबांच्या मुलांना परवडणार नाहीत, हे ओळखून बिया, शिंपले, पाने अशा परिसरातल्या वस्तूंतून त्यांनी बालवाडी चालवली.

पुढे जे घडले ते मात्र बोधप्रद आहे. माउई बेटावरील एका दुग्धालयाच्या फळरसाचे नाव, ‘पॉग’, या खेळाला चिकटले होते. त्या नावाचे व्यापारी हक्क घेतले गेले, ‘वर्ल्ड पॉग फेडरेशन’ या भव्य नावाखाली छापील चकत्यांचा धंदा सुरू झाला आणि दोन-तीन वर्षांत तो अमेरिकेच्या मुख्य भूमीवर पसरला. जी झाकणे कचऱ्यातून मिळत, त्यांची जागा पाकिटातून विकत घ्यायच्या चकत्यांनी घेतली. आपटायची चकतीही आता जाड प्लास्टिकची आणि धातूची, म्हणजे अधिक किमतीची निघाली. अधिक पैशांत अधिक जड चकती आणि जड चकतीने अधिक जिंकणे सोपे. म्हणजे हाताच्या कसबाचा डाव भांडवलाचा झाला. आणि मग अनेक शाळांनी हा जुगार आहे, असे म्हणून त्याच्यावर बंदी घातली. एका शाळेत शिक्षिकेने गणितासाठी आणलेला खेळ चार-पाच वर्षांच्या आत इतर शाळांच्या फाटकावर जप्त होऊ लागला. खेळाचे मूळ नियम तेच होते. त्याची मालकी तेवढी बदलली होती.

या बदलाचे मर्म समजण्यासाठी स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांचा आधार घेता येतो. मुलांच्या नैतिक विचारावरील त्यांचा ग्रंथ १९३२ साली प्रसिद्ध झाला. त्यासाठी त्यांनी मुलांच्या प्रार्थना किंवा पाठांतर तपासले नाही. गोट्यांचा खेळ तपासला. त्यांना असे आढळले की, लहान मूल नियमाला वडीलधाऱ्यांकडून आलेली, न बदलणारी आज्ञा समजते. दहा-बारा वर्षांच्या सुमारास मात्र त्याला उमगते की, नियम आपल्या परस्परसंमतीने झालेले आहेत आणि सर्वांची संमती असेल तर ते बदलताही येतात. विचार केला तर लोकशाहीचा पहिला धडा हाच नव्हे काय? घटना वाचण्याच्या कितीतरी आधी मूल तो धुळीत आखलेल्या रिंगणाभोवती शिकते. डाव कोठून सुरू करायचा, हरलेल्याला उसनी गोटी द्यायची की नाही, लहानग्याला सवलत किती, हे तेथे भांडून, पण अखेर एकमताने ठरते.

बाजाराने आणलेली टूम प्रथम या नियम करण्याच्या अधिकारावरच घाला घालते. पोकेमॉनच्या पत्त्यांचे उदाहरण घ्या. १९९६ साली जपानमध्ये एका हातातल्या यंत्रावरील खेळ म्हणून तो निघाला. १९९९ च्या आरंभी त्याचे इंग्रजी पत्ते अमेरिकेत बाजारात आले. पहिल्या संचात १०२ पत्ते होते. ते सुटे मात्र मिळत नसत. बंद पाकिटात ११ पत्ते, त्यांत दुर्मिळ प्रकारचा फक्त १, आणि तो कोणता हे पाकीट फोडल्याशिवाय कळायचे नाही. सगळे जमवा, हेच त्या मालाचे घोषवाक्य होते. येथे दुर्मिळता निसर्गाची नाही, कारागिरीचीही नाही. तोच पुठ्ठा, तीच शाई, छापणाऱ्याने ठरवून कमी छापलेली प्रत. अर्थशास्त्रात ज्याला कृत्रिम टंचाई म्हणतात आणि जी साठेबाजाने धान्यात केली तर कायद्याने गुन्हा ठरू शकते, तीच येथे सात-आठ वर्षांच्या मुलांसमोर करमणूक म्हणून मांडली गेली.

परिणाम ठरल्यासारखाच झाला. १९९९ मध्ये अमेरिकेतील अनेक शाळांनी या पत्त्यांवर बंदी घातली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सान दिएगो येथे काही पालकांनी कंपनीवर दावा लावला. ही पाकिटे म्हणजे मुलांची सोडत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. अशाच स्वरूपाच्या पत्त्यांच्या दाव्यांत तेथील नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने २००२ साली निर्णय दिला की, पाकिटात हवा तो पत्ता न निघाल्याची निराशा ही कायद्याच्या अर्थाने मालमत्तेची हानी होत नाही. या दोन घटना शेजारी ठेवून पाहा. मुलाच्या खिशातला पत्ता शाळेने जप्त केला, तेव्हा त्याला अपील नव्हते. पाकीट विकणाऱ्याला मात्र अपील न्यायालयापर्यंत संरक्षण मिळाले.

हे आपोआप घडलेले नाही. १९७८ साली अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने अगदी लहान मुलांना उद्देशून केल्या जाणाऱ्या दूरचित्रवाणीवरील जाहिरातींना आळा घालण्याचा प्रस्ताव मांडला होता. धान्याचे गोड पदार्थ, मिठाई, खेळणी आणि जाहिरात या धंद्यांनी त्याविरुद्ध एवढे रान उठवले की, १९८० साली तेथील काँग्रेसने कायदा करून आयोगाचे हातच बांधले. १९८४ मध्ये मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींच्या वेळेवरची मर्यादाही दूर झाली. मग खेळणे आधी आणि त्याच्यासाठी रचलेली चित्रमालिका नंतर, असा क्रम रूढ झाला. कार्यक्रम हीच जाहिरात बनली. १९९० च्या कायद्याने जाहिरातीच्या मिनिटांना पुन्हा मर्यादा घातली, पण तोवर ही रीत जगभर गेली होती. नियंत्रणमुक्तीची किंमत अशा रीतीने शाळेतल्या शिक्षकाच्या माथी आली. शासनाने जे करायचे नाकारले, ते त्याने छडी आणि कुलपाचे कपाट घेऊन करावे, अशी अपेक्षा झाली.

दुसरा मार्ग नाही असेही नाही. कॅनडातील क्वेबेक प्रांताने १९८० पासून तेरा वर्षांखालील मुलांना उद्देशून केलेल्या व्यापारी जाहिरातींना मनाई केली. एका खेळणी कंपनीनेच त्या कायद्याला आव्हान दिले. १९८९ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो कायदा उचलून धरला. अभिव्यक्तिस्वातंत्र्याला त्याने मर्यादा पडते हे मान्य करूनही, जाहिरातीची युक्ती ओळखण्याची ज्यांची कुवत नाही त्यांचे रक्षण करण्यासाठी ती मर्यादा योग्य आहे, असे न्यायालयाने म्हटले. प्रांताबाहेरच्या वाहिन्या तेथील मुले पाहतातच, त्यामुळे हा कायदा रामबाण नाही. परंतु बंदीचा रोख मुलाकडून विक्रेत्याकडे वळवता येतो, हे त्याने सिद्ध केले. बंद पाकिटांचा धंदा आज मोठ्या भांडवलाचा झाला आहे. लाबुबू या बाहुलीमुळे गाजलेल्या चिनी कंपनीची २०२४ मधील उलाढाल १३ अब्ज युआनच्या वर होती. त्याच चीनमध्ये २०२३ साली शासनाने, आत काय आहे हे न कळणारे असे खोके आठ वर्षांखालील मुलांना विकू नयेत, असा दंडक घातला.

आपल्या देशात काय आहे? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये फसव्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींवर स्वतंत्र कलम आहे, ही चांगली गोष्ट. तथापि मुलांनी गरज नसताना माल घ्यावा म्हणून भेटवस्तूंचे आमिष दाखवणाऱ्या जाहिरातींबद्दल तेथे शब्द येतो तो निषिद्ध हा नव्हे, तर परावृत्त करावे हा. वेफर्सच्या पाकिटातून चकत्या वाटणाऱ्याला परावृत्त करायचे, आणि ती चकती शाळेत आणणाऱ्या मुलाला बाकावर उभे करायचे, असा हा न्याय आहे.

मग बंदी कधीच नको काय? असे म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल. ज्या वस्तूने जीव जाऊ शकतो, तिच्यावर बंदी हवीच. पण ती कशी असावी याचे उदाहरण घरातलेच आहे. नायलॉनच्या मांजाने पक्षी मरतात, माणसांचे गळे कापले जातात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली त्याच्यावर देशभर बंदी घातली ती निर्मिती, साठा, विक्री आणि वापर या सर्व टप्प्यांवर. पतंगावर बंदी घालावी, असे कोणी म्हटले नाही. खेळ राहिला, घातक माल तेवढा बाहेर काढला. दर संक्रांतीला तो मांजा चोरून विकला जातोच, हे खरे आहे. पण त्याचा दोष अंमलबजावणीकडे जातो, पतंग उडवणाऱ्या मुलाकडे नव्हे.

शाळेच्या आत काय करावे, याचेही उत्तर यातूनच निघते. कंपनी मुलाला नियम करू देत नाही, आणि बंदीचा हुकूम काढणारा मुख्याध्यापकही करू देत नाही. दोघांमध्ये हेतूचा फरक मोठा असला, तरी मुलाच्या वाट्याला दोन्हीकडून आज्ञापालनच येते. फाटकावर वस्तू अडवली की ती कोपऱ्यावरच्या दुकानापाशी, शिकवणीच्या वर्गाबाहेर अधिक मोलाची होते. विषमता संपत नाही, फक्त शिक्षकाच्या नजरेआड जाते. त्याऐवजी वर्गाची सभा घ्यावी आणि प्रश्न मुलांपुढे ठेवावा. तास चालू असताना वस्तू बाहेर काढायची नाही, पैशांची देवघेव करायची नाही, जिंकलेले डाव संपल्यावर परत द्यायचे, सगळ्यांच्या वस्तू एका डब्यात ठेवून मधल्या सुटीत सर्वांनी खेळायच्या, असे नियम मुले स्वतः करू शकतात. सामायिक डब्याची कल्पना ज्या वर्गाने एकदा स्वीकारली, त्याला समाजवादाची व्याख्या पुढे पुस्तकातून शिकणे जड जाणार नाही. आणि गणिताच्या तासाला एक प्रश्न जरूर सोडवून घ्यावा: एका पाकिटात एक दुर्मिळ पत्ता असेल, तर सगळे जमवायला किमान किती पाकिटे लागतील, त्यांचे पैसे किती आणि घरी दिवसाची मजुरी किती? हा हिशेब ज्या मुलाने मांडला, त्याला बंदीची फारशी गरज उरत नाही.

कार्यकर्त्यांसाठी यात काम आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समित्या असतात. त्यांत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या, आणि निम्मे सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. अनेक गावांत या समित्या सह्यांपुरत्या उरल्या आहेत. तेथे जाऊन शाळेच्या आवारातील आणि फाटकासमोरील विक्री, शाळेच्या कार्यक्रमांना कंपन्यांची मदत आणि तिच्याबरोबर येणारे फलक व नमुने, हे विषय मांडता येतील. शाळा हे जाहिरातीचे क्षेत्र नाही, असा ठराव करायला कोणत्याही वरिष्ठ परवानगीची वाट पाहावी लागत नाही. आणि २०२२ च्या सूचनांतील परावृत्त या शब्दाच्या जागी मनाई हा शब्द यावा, ही मागणी ग्राहक चळवळीला बरोबर घेऊन लावून धरता येईल.

खेळावर मुलांचा हक्क आहे, आणि बाजारापासून संरक्षण मिळण्याचाही. एक हक्क दुसऱ्याच्या बदल्यात द्यावा लागेल असे सांगितले जाते, तेव्हा ते सांगणारा कोणाची बाजू राखतो आहे, हे पाहावे. बंदी घालायचीच असेल, तर ती घालण्याचे धैर्य मुलाच्या खिशापाशी न दाखवता पाकीट भरणाऱ्या कारखान्यापाशी दाखवले पाहिजे.