दप्तराबाहेरची शाळा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या प्राथमिक शाळेतील शिबिरे, सहली आणि वर्गातले उपक्रम यांवर मी दोन शब्द बोलावेत, अशी चिटणीसबाईंनी मला आज्ञा केली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शिक्षणशास्त्रातले मला काही कळत नाही. परंतु मी शाळा व्यवस्थापन समितीची सभासद आहे आणि या वर्षीचे बहुतेक उपक्रम मी स्वतः हजर राहून पाहिले आहेत. जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगेन. शेवटी मंडळाकडे एक मागणे मागणार आहे, म्हणून कोणी मध्येच उठून जाऊ नये ही विनंती.

पिठाच्या गिरणीत नंबर लावून बसले की एक बोलणे हमखास कानांवर येते. "हल्ली शाळेत शिकवतात तरी कुठे? आज मेळावा, उद्या सहल, परवा शिबिर. पोरांचा अभ्यास बुडाला." बोलणाऱ्या बाईचा काही दोष नाही. आपल्या वेळी अभ्यास म्हणजे मांडी घालून पाढे म्हणणे, हेच आपण पाहिलेले. मुलगा वहीत मान घालून बसला म्हणजे शिकतो आणि बंधाऱ्यावर पाखरे पाहत उभा राहिला म्हणजे उनाडतो, असा आपला हिशेब असतो. तो हिशेब बरोबर आहे का, हे तीन प्रसंगांवरून तुम्हीच ठरवा.

पहिला प्रसंग बाल आनंद मेळाव्याचा. मुलांनी घरून जिन्नस करून आणावयाचे, शाळेच्या पटांगणात दुकाने मांडावयाची आणि विकावयाचे. आपण सगळ्याच जणी खायला गेलो होतो. पण खरी गंमत दुसऱ्या दिवशी वर्गात झाली, ती फार थोड्यांनी पाहिली. बाईंनी फळ्यावर जमाखर्च मांडायला लावला. पाचवीतल्या एका मुलीने भेळेचे दुकान मांडले होते. चुरमुरे, फरसाण, चिंच, गूळ मिळून खर्च १८० रुपये, विक्री ३०० रुपये, म्हणून नफा १२० रुपये, असे तिने ऐटीत लिहिले. बाईंनी विचारले, "आणि कांदा?" ती म्हणाली, "कांदा घरचाच होता." बाई म्हणाल्या, "मग तुझे वडील लासलगावच्या बाजारात कांदा नेतात, तेव्हा घरचा म्हणून फुकट देऊन येतात का?" सारा वर्ग हसला. कांद्याचे २० रुपये खर्चात पडले.

मग बाईंनी विचारले, "चिंचेचे पाणी कोणी केले? कांदा कोणी चिरला?" सगळीकडून एकच उत्तर आले, "आईने." "किती वेळ लागला?" "दोन तास." "त्याचे किती लिहावयाचे?" यावर एक मुलगा उठून म्हणाला, "आई कुठे पैसे घेते?" बाई शांतपणे म्हणाल्या, "घेत नाही ही एक गोष्ट. त्याला किंमत नाही ही दुसरी गोष्ट. दोन्ही एक नव्हेत." नंतर मुलांनीच निंदणीच्या मजुरीवरून हिशेब काढला. आठ तासांचे ३०० रुपये, तर दोन तासांचे ७५. तेव्हा १२० रुपयांचा नफा अखेर २५ रुपयांवर आला.

मैत्रिणींनो, नफातोट्याची उदाहरणे पुस्तकात पुष्कळ असतात. पण आईच्या दोन तासांचा रकाना मी तरी कोणत्या पुस्तकात पाहिला नाही. त्या दिवशी संध्याकाळी माझ्या धाकट्याने न सांगता ताट उचलून मोरीत नेऊन ठेवले. हे रोज घडते असे मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी घडले.

दुसरा प्रसंग सहलीचा. यंदा थंडीत मुलांची सहल नांदूर मध्यमेश्वरला गेली. आपल्याच निफाड तालुक्यातले ठिकाण, पण आपल्यापैकी किती जणींनी ते पाहिले आहे? गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमापाशी इंग्रजी अमदानीत तिथे बंधारा बांधला गेला. त्यापासून निघालेल्या कालव्यांचे पाणी पार कोपरगावकडे जाते. बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचला. पाणी उथळ झाले, मध्ये बेटे तयार झाली, त्यांवर गवत वाढले. माणसाच्या दृष्टीने ती धरणाची हानी, परंतु पाखरांचे मात्र त्यात कल्याण झाले. दूरदूरच्या थंड मुलखांतून ती हिवाळ्यात येथे उतरू लागली. १९८६ साली ते अभयारण्य झाले आणि २०२० साली त्याला रामसर स्थळाचा मान मिळाला. जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची जी यादी आहे, तिच्यात महाराष्ट्रातून पहिले नाव आपल्या तालुक्याचे लागले!

शाळेच्या सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते, त्यामुळे खर्च आटोक्यात राहिला. चापडगावच्या बाजूला मनोरे आहेत, त्यांवर पाळीपाळीने मुलांना चढविले. मी पाच-सहा आयांसह बरोबर होते. चपट्या चोचीचा थापट्या पाहिला, केशरी रंगाचे चक्रवाक पाहिले, जांभळी पाणकोंबडी पाहिली. एक काळे पाखरू होते, कपाळावर पांढरा टिळा लावल्यासारखे. गुरुजींनी सांगितले की, त्याचे मराठी नावच 'वारकरी'. आम्ही सगळ्या आयांनी नकळत हात जोडले आणि मुले खो खो हसली.

पण मला विशेष वाटले ते निराळेच. चौथीत एक मुलगा आहे. घरच्या शेळ्या सांभाळतो, शाळेत कधी येतो, कधी येत नाही. वाचताना अडखळतो, म्हणून वर्गात मागे बसतो. मनोऱ्यावर गेल्यावर मात्र कोणते पाखरू बुडी मारते, कोणते नुसती चोच बुडविते, कोणते थव्याने उठते आणि कोणते एकटे, हे त्याने इतरांच्या आधी ओळखले. गुरुजींनी त्यालाच पुढे उभे करून इतरांना सांगायला लावले. परत आल्यावर त्याने वहीत पाखरांची अकरा नावे लिहिली. त्यातली चार चुकीची लिहिली होती, पण लिहिली. पुस्तकाकडे जायची वाट त्याला त्या पाण्याच्या काठाने सापडली, असे मला वाटते.

येथे मला दोन थोर बायांची आठवण होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला आदिवासी मुलांसाठी काम आरंभले आणि पुढे ते डहाणू तालुक्यातच कोसबादच्या टेकडीवर नेले. अनुताई तेराव्या वर्षी विधवा झालेल्या. त्या पुढे शिकल्या आणि जन्मभर या कामात राहिल्या. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती. तेव्हा या बायांनी मुलांना दूषण दिले नाही. जिथे गुरे चरत, तिथेच शाळा नेली. तिला नाव दिले कुरणशाळा. दगड, पाने, बिया, शंख हेच त्यांचे साहित्य. तेव्हा 'शाळेबाहेरची शाळा' हे आजचे नवे खूळ नव्हे. आपल्याच मराठी बायांनी ते पाऊणशे वर्षांपूर्वी करून दाखविले आहे. आज शासनाने २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवावेत, सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडून त्यांनी शिकावे, असे म्हटले आहे. ते याच वाटेवरचे पुढचे पाऊल आहे.

आता तिसरा प्रसंग, आणि त्यासाठीच मी आज उभी आहे.

स्काउट-गाइडचे एक रात्रीचे शिबिर शाळेतच झाले. पाचवी ते सातवीची मुले-मुली. दोऱ्यांच्या गाठी शिकविल्या, जखमेवर पट्टी बांधायला शिकविले, रात्री पटांगणात ताऱ्यांची ओळख करून दिली. तीन दगडांची चूल मांडून मुलांनीच पिठले-भात केला. त्यात मुलगे-मुली असा भेद नव्हता. ज्या मुलग्याने घरी पेला विसळला नसेल, त्याने राखेने पातेले घासले. पिठल्यात गुठळ्या झाल्या होत्या, पण सगळ्यांनी ते बोटे चाटून खाल्ले.

मुलगे जवळजवळ सगळे आले. मुली निम्म्याही आल्या नाहीत.

मी घरोघर जाऊन विचारले. उत्तरे तुम्हांला ठाऊकच आहेत. "रात्रीचे बाहेर कसे ठेवावयाचे?" "ती आता मोठी होत आली." "ती गेली तर धाकट्याला कोण सांभाळील?" "मुलीच्या जातीला गाठी शिकून काय करावयाचे?" एका घरात मुलीने तीन दिवस आधीपासून पिशवी भरून ठेवली होती. पांघरूण, ताट-वाटी, टॉर्च, सगळे. ऐन वेळी आईला कांदे काढणीला जावे लागले आणि मुलगी धाकट्या भावाजवळ घरी राहिली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती मैत्रिणीकडून केसांच्या रिबिनीवर त्या गाठी शिकत होती. मी ते पाहिले.

त्या आईला मी बोल लावणार नाही. दिवसाची मजुरी बुडाली तर तिच्या घरात काय होते, ते तिलाच ठाऊक. आणि दुसऱ्या आयांची काळजीही खोटी नाही. मुलींच्या संडासाची आतली कडी तुटलेली होती आणि बाहेरचा दिवा लागत नव्हता. अशा ठिकाणी रात्री मुलीला कोण ठेवील? समितीत आम्ही हा विषय काढला. दोन बैठका गेल्या, तिसऱ्या बैठकीनंतर कडी बसली आणि दिवाही लागला. बायांनो, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे या समितीत पाऊण सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. ती जागा कायद्याने आपली आहे. पण बैठकीला आपण जायचे नाही आणि सहीसाठी वही घरी मागवायची, अशाने कडी बसत नाही.

काळजी खरी आहे, म्हणून ती दूर करावयाची. मुलीला दूर ठेवावयाचे नाही. शाळेच्या पटांगणातली एक रात्र जिला मिळत नाही, तिला पुढे तालुक्याच्या गावी शिकायला जायची वेळ येईल तेव्हा काय होणार? 'हिला एकटीने राहायची सवय नाही' असे आपणच म्हणणार. सवय आभाळातून पडत नाही. दही लावायलासुद्धा आदल्या रात्री विरजण घालावे लागते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर मी शाळेची वकिली करते असे होईल. सगळेच उपक्रम सारखे नसतात. कुठे कुठे मुलांना उन्हात ओळीने उभे करतात, छायाचित्र काढतात, ते मोबाईलवर पाठवितात आणि उपक्रम संपतो. कुठे दूरच्या महागड्या करमणुकीच्या बागेत नेतात, आणि ज्याच्याजवळ पैसे नाहीत तो मुलगा त्या दिवशी पोट दुखते म्हणून घरी निजून राहतो. सहल चांगली की वाईट हे ओळखायला शिक्षणशास्त्र लागत नाही. मूल घरी आल्यावर "मजा आली का?" असे विचारू नका. "आज काय पाहिलेस, आणि ते तसे का असते?" एवढे विचारा. मूल भडाभडा बोलू लागले तर सहल सार्थकी लागली. नुसते "छान" म्हणून खेळायला पळाले, तर समितीत जाऊन गुरुजींना आदराने विचारा.

आता माझे मागणे. ते तीन कलमांचे आहे.

पहिले, पुढच्या शिबिराला मंडळाच्या चार जणींनी पाळीने रात्री शाळेत मुक्कामाला राहावे. आपल्यापैकी कोणी तिथे आहे म्हटल्यावर निम्म्या घरांचा नकार आपोआप गळून पडेल. माझे नाव पहिले लिहून घ्यावे.

दुसरे, हळदीकुंकवाच्या वाणासाठी आपण दरवर्षी वर्गणी काढतो. त्यातला काही भाग सहलीसाठी बाजूला ठेवावा. ज्याला पैसे भरणे जमत नाही, त्याचे मुख्याध्यापिकाबाईंकडे परस्पर भरावेत. नाव कोणाला कळू नये. प्लॅस्टिकच्या डब्यापेक्षा हे वाण मला मोठे वाटते.

तिसरे, शिबिराच्या दिवशी ज्या आईला मजुरीला जावेच लागते, तिचे लहान मूल शेजारणीने सांभाळावे. आपल्या आळीत ही रीत नवी नाही. लग्नकार्यात आपण एकमेकींची मुले सांभाळतोच. मुलीच्या शिकण्याला आपण कार्य मानावे, एवढेच मी सांगते.

या तीन गोष्टींना पैसा थोडा लागतो आणि मन जास्त लागते. आज सभा संपण्यापूर्वी चिटणीसबाईंनी हा ठराव मताला टाकावा, अशी माझी विनंती आहे. पुढच्या शिबिरात पिठल्याला गुठळ्या झाल्या तरी चालतील, पण पंगतीत मुलींच्या जागा रिकाम्या राहू नयेत.