वळणाआधीचा शब्द

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



रॅली म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे झेंडे, घोषणा आणि क्रांती चौकात अडलेली वाहतूक उभी राहते. आज मी त्या रॅलीविषयी बोलणार नाही. मोटारींच्या रॅलीविषयी बोलणार आहे. कविता लिहिणाऱ्या माणसाचा मोटारींशी काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. संबंध आहे, आणि तो शब्दांचाच आहे.

आमच्या घरी भाचा शिकायला राहतो. रात्री अभ्यास आटोपला की संगणकाला जोडलेलं स्टिअरिंग पुढे घेऊन बसतो. शेजारच्या खोलीत मला फक्त आवाज ऐकू येतो. इंजिनाची घरघर आणि तिच्यावर एका माणसाचं सलग, शांत बोलणं. ‘लेफ्ट फोर, हंड्रेड, राइट टू, डोन्ट कट...’ एकदा मी विचारलं, ‘हा सारखा कोण बोलतो रे?’ तो म्हणाला, ‘मामू, ये नेव्हिगेटर है. इसकी सुनी नहीं तो गाडी खड्डे में!’ त्या एका वाक्यानं मला या खेळाची गोडी लागली.

शर्यतीच्या ट्रॅकवर वीस गाड्या एकमेकींना मागे टाकत धावतात. रॅलीत तसं नसतं. एकेक गाडी ठरावीक अंतरानं सुटते, आणि स्पर्धा घड्याळाशी असते. रस्ता मातीचा, खडीचा, घाटाचा, कुठलाही. तेवढा तुकडा स्पर्धेपुरता बंद केलेला असतो. गाडीत दोघं असतात. एक चालवतो, दुसरा वाचतो. स्पर्धेच्या आधी दोघं तो रस्ता सावकाश पाहून येतात आणि प्रत्येक वळणाची नोंद करतात. अनेक जण वळणांना आकडे देतात. एक म्हणजे अगदी काटकोनासारखं अवघड, सहा म्हणजे जवळजवळ सरळ. ‘डोन्ट कट’ म्हणजे वळण आतून कापू नका, तिथे दगड आहे किंवा चर आहे. चालवणाऱ्याला टेकाडापलीकडचं काहीच दिसत नसतं. तो शब्दावर विसंबून गाडी घालतो.

या विद्येची एक जुनी गोष्ट सांगतात. १९५५ साली इटलीतल्या मिल्ले मिलिया या रस्त्यावरच्या शर्यतीत स्टर्लिंग मॉस गाडी चालवत होता. शेजारी डेनिस जेन्किन्सन नावाचा पत्रकार बसला होता. सोळाशे किलोमीटरच्या आसपासच्या त्या वाटेच्या खुणा त्यानं कागदाच्या एका लांबलचक गुंडाळीवर लिहिल्या होत्या.  उघड्या गाडीत आवाज ऐकू येईना, म्हणून तो हातानं खुणा करायचा. दहा तास सात मिनिटांत ते जिंकले.

मला यात कवितेचा धडा दिसतो. नेव्हिगेटरचा शब्द वळणाआधी यावा लागतो. फार आधी आला तर विसरला जातो, उशिरा आला तर निरुपयोगी ठरतो. एकही शब्द जास्त चालत नाही. मुशायऱ्यात शेर म्हणताना आम्ही हेच सांभाळत असतो. फरक एवढाच, की आमचा शब्द चुकला तर कुणाचं हाड मोडत नाही.

आणि हे काही परकं नाही, बरं का. कन्नडच्या घाटात ट्रकचा क्लीनर दाराबाहेर लोंबकळून ‘येऊ दे, येऊ दे... थांब!’ असं ओरडतो, तो नेव्हिगेटरच. एसटीच्या कंडक्टरची दोरीही तीच भाषा बोलते. एक घंटी थांबा, दोन घंट्या चला. ड्रायव्हर मागे वळून बघतसुद्धा नाही. त्याला विश्वास असतो.

रॅली आपल्याकडे आली त्यालाही काळ लोटला. १९६८ साली लंडन ते सिडनी अशी मोटारींची स्पर्धा झाली, तेव्हा गाड्या अफगाणिस्तान, दिल्ली करत मुंबईला आल्या आणि तिथून बोटीनं ऑस्ट्रेलियाला गेल्या. १९८० साली मुंबईच्या नाझीर हुसेन यांच्या पुढाकारानं हिमालयन रॅली सुरू झाली. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या फेऱ्या नाशिकच्या परिसरातही झाल्या. आपल्या शहराचाही एक लांबचा धागा आहे. शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ साली स्कोडाच्या मोटारींची जोडणी सुरू झाली. त्याच स्कोडाच्या रॅलीसाठी बनवलेल्या गाडीतून दिल्लीच्या गौरव गिलनं २०१३ साली आशिया-पॅसिफिक अजिंक्यपद जिंकलं. २०१९ साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. मोटारीच्या खेळाला मिळालेला तो पहिलाच. पण २०१३ साली त्याच्या शेजारी बसलेला ऑस्ट्रेलियाचा ग्लेन मॅकनील किती जणांना माहीत आहे? वाचणाऱ्याच्या वाट्याला बहुधा असंच येतं.

पडद्यावरच्या खेळानं मात्र वाचणाऱ्याला न्याय दिला. १९९५ सालचा जगज्जेता कॉलिन मॅक्रे याच्या नावानं १९९८ साली व्हिडिओ गेम आला, तेव्हा त्यात आवाज घेतला तो त्याच्या खऱ्याखुऱ्या नेव्हिगेटरचा, निकी ग्रिस्टचा. मॅक्रे २००७ साली हेलिकॉप्टरच्या अपघातात गेला. पण ते जुने खेळ जिथे अजून चालतात, तिथे ग्रिस्ट आजही पोरांना वळणं सांगतो आहे.

खेळ खेळून कुणी ड्रायव्हर होतो का? उत्तर आयर्लंडचा जॉन आर्मस्ट्राँग २०१८ साली पडद्यावरच्या रॅलीचा जगज्जेता झाला. पण तो त्याआधीपासून खऱ्या गाडीतही बसत होता, हे विसरू नये. पडदा कान तयार करतो, हात तयार करतो. भीती तयार करत नाही. गाडी उलटली की बटण दाबायचं, पुन्हा सुरुवात. दरीवर रागवायचंही कारण नाही.

खऱ्या रस्त्यावर ते बटण नसतं. २०१९ साली राजस्थानात बारमेर जिल्ह्यात राष्ट्रीय स्पर्धा चालू होती. स्पर्धेच्या वाटेवर एक मोटारसायकल आली आणि एकाच घरातली तीन माणसं गेली. रस्ता बंद होता, गाडीत तयारीची माणसं होती, तरीही. मग आपल्या जालना रोडवर किंवा बीड बायपासवर रात्री अकरा वाजता जे होतं, त्याला काय म्हणायचं? तिथे रस्ता बंद नसतो. पुढचं वळण कुणी पाहून ठेवलेलं नसतं. मागे बसलेला मित्र ‘थांब’ म्हणत नाही, ‘और भगा’ म्हणतो. वेगाची हौस जुनीच आहे. शंकरपटात बैल पळवणारा आजाही हौशीच होता. माझी तक्रार वेगाबद्दल नाही, कान बंद करून धावण्याबद्दल आहे.

ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी एक शहाणा प्रकार आहे. त्याला टीएसडी रॅली म्हणतात, म्हणजे वेळ, वेग आणि अंतर यांची रॅली. रस्ता नेहमीचा, रहदारी नेहमीची, गाडी घरची. हातात मार्गाचा कागद मिळतो. अमुक अंतर अमुक सरासरीनं जायचं, आणि दिलेल्या क्षणी ठाण्यावर पोहोचायचं. उशीर झाला तर गुण जातात, आणि लवकर पोहोचलात तरीही जातात! घाईला दंड करणारा असा खेळ मला दुसरा माहीत नाही.

याच प्रकारात मुंबई-पुण्यासह देशातल्या अनेक शहरांत अंध नेव्हिगेटरांच्या रॅली झाल्या आहेत. मार्गाचा कागद ब्रेलमध्ये असतो. वाचणारा बोटांनी वाचतो आणि सांगतो, डोळस माणूस ऐकतो आणि चालवतो. ज्याला दिसतं त्याला वाट ठाऊक नाही, आणि ज्याला वाट ठाऊक आहे त्याला दिसत नाही. दोघं मिळून पोहोचतात. रोज अंध माणसाचा हात धरून रस्ता ओलांडून देणारे आपण, त्या दिवशी त्याच्या शब्दावर चालतो.

माझी एक विनंती आहे. एखाद्या रविवारी सकाळी घरच्या पोराला चालवायला बसवा. परवाना असेल तरच, हे सांगायला नको. इथून वेरूळ तीसेक किलोमीटर. चाळीसची सरासरी धरली तर पाऊण तास होतो. वाटेतली वळणं, दौलताबादजवळचा अरुंद दरवाजा, खुलताबादचा चढ हे आधी कागदावर लिहून घ्या. आजीला पुढच्या सीटवर बसवा आणि कागद तिच्या हाती द्या. एकच नियम ठेवा. ती म्हणेल तेव्हा वळायचं, ती म्हणेल तेव्हा थांबायचं. वेळेआधी पोहोचलात तर चहाचे पैसे चालवणाऱ्यानं द्यायचे.